परसेप्चुअल मॅप आणि सिम्युलेशन यांतून खरा बाजार कळतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमबीएला मार्कस्ट्रॅट खेळताय (काल्पनिक बाजारात टीमनी कंपन्या चालवायचं संगणकावरचं सिम्युलेशन), दर फेरीनंतर परसेप्चुअल मॅप, म्हणजे ग्राहकांच्या मनात कोणता ब्रँड कुठे बसतो त्याचा नकाशा, हातात येतो, त्यावरचे ठिपके ग्राहकांच्या आवडीजवळ न्यायचे असतात. यातून खरा बाजार समजतो का, की हा फक्त मार्कांसाठीचा खेळ?

समजतो, पण अर्धाच. उरलेला अर्धा भाग सिम्युलेशन तुम्हाला आयता देऊन टाकतं, आणि नोकरीत नेमका तोच अवघड जातो. मी पुण्यात मार्केट रिसर्चमध्ये काम करतो आणि हा विषय मला मनापासून आवडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मॅपवरचा ठिपका म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूविषयी लोकांच्या मनात असलेलं चित्र. तो काढायच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिलीत तुम्ही गुणांची यादी देता (मायलेज, ताकद, दिसणं, किंमत) आणि लोकांकडून त्या प्रत्येक गुणासाठी प्रत्येक ब्रँडला १ ते ७ मध्ये मार्क घेता. मग फॅक्टर अ‍ॅनालिसिसने (एकत्र चालणारे गुण एका गटात बांधणारी आकडेमोड) ती सगळी यादी दोन-तीन अक्षांवर आणता. दुसरीत गुणांचं नावच काढत नाही. फक्त जोड्या दाखवायच्या आणि 'हे दोन किती सारखे वाटतात?' एवढंच विचारायचं. सहा ब्रँड असले तर पंधरा जोड्या होतात. त्या उत्तरांवरून मल्टिडायमेन्शनल स्केलिंग ठिपके मांडून देतं, पण अक्षांना नावं देत नाही. ती तुम्हाला शोधावी लागतात. मला दुसरी रीत जास्त प्रामाणिक वाटते, कारण पहिलीत तुमच्या यादीत नसलेला गुण मॅपवर कधीच उगवत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे आमच्या पिंपरीतल्या टाटा मोटर्सची नॅनो. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती जगासमोर आली. ६२४ सीसीचं मागे बसवलेलं इंजिन, चार माणसांची नीट बसायची सोय, किंमत एक लाख. पावसात स्कूटरवर चौघं जाणारं कुटुंब पाहून रतन टाटा यांना ती कल्पना सुचली होती. एका अक्षावर किंमत आणि दुसऱ्यावर सुरक्षितता व आराम असा मॅप काढा. एका टोकाला दुचाकी, दुसऱ्या टोकाला मारुती ८०० आणि अल्टो, मधे मोठी मोकळी जागा, आणि नॅनो बरोब्बर त्या जागेत. मार्च २००९ मध्ये गाडी बाजारात आली तेव्हा दोन लाखांहून जास्त बुकिंग झालं. गुजरातेतल्या साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची होती. पण सगळ्यात चांगल्या वर्षीही, २०११-१२ मध्ये, विक्री पाऊण लाखाच्या आसपासच राहिली.

कारणं अनेक होती. पश्चिम बंगालमधल्या सिंगूरहून कारखाना साणंदला हलवावा लागला, त्यात वेळ गेला. काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या. पण माझ्या मते मूळ अडचण त्या मॅपच्या अक्षांमध्येच होती. आपल्याकडे पहिली गाडी घेणारा माणूस फक्त पावसापासून आडोसा विकत घेत नाही. गाडी दारात उभी राहिली की शेजारीपाजारी काय म्हणतील, मुलीच्या सासरी त्या गाडीतून गेलो तर कसं दिसेल, हाही त्याच्या हिशेबात असतो. हा तिसरा अक्ष काढला की चित्र पालटतं. 'जगातली सगळ्यात स्वस्त गाडी' ही ओळख या अक्षावर नॅनोला तळाशी नेऊन ठेवते, आणि तिच्या जवळपासच्या किमतीची सेकंडहँड मारुती ८०० कितीतरी वर दिसते. सेकंडहँड गाडी मॅपवर ठेवली नाही, तर खरा स्पर्धक दिसणारच नाही. स्वस्त म्हणून झालेली ही ओळख नॅनोला भोवली, असं रतन टाटा यांनीही नंतर जाहीरपणे मान्य केलं.

पुढची गोष्ट तुमच्या सिम्युलेशनच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. कंपनीने गाडी सुधारली. २०१४ मध्ये पॉवर स्टिअरिंगची 'नॅनो ट्विस्ट' आली, २०१५ च्या जेनएक्स नॅनोला उघडणारी डिकी आणि ऑटोमॅटिक गिअरचा पर्याय मिळाला. वस्तू बदलली, ठिपका मात्र फारसा हलला नाही. पुढे काही वर्षांतच उत्पादन थांबलं.

मार्कस्ट्रॅट हेच फार चांगलं शिकवतं. फ्रान्समधल्या इन्सेआड या संस्थेत लारेशे आणि गातिन्यो यांनी १९७० च्या दशकात ते रचलं. त्यात विकायचा माल, 'सोनाइट', मुद्दाम काल्पनिक ठेवलाय, म्हणजे खेळणाऱ्याला मोबाइल किंवा गाड्यांविषयीचे स्वतःचे समज तिथे वापरता येत नाहीत, आकडेच वाचावे लागतात. आर अँड डीचा (नवा माल विकसित करायचा) प्रकल्प आज सुरू केला तर नवा माल लगेच मिळत नाही. तो मिळेपर्यंत ग्राहकांचा आदर्श बिंदू, म्हणजे त्यांना हवी तशी वस्तू मॅपवर जिथे बसेल ती जागा, सरकलेला असतो, म्हणून आजच्या जागेवर नेम धरून चालत नाही, दोन फेऱ्या पुढचा अंदाज बांधावा लागतो. आणि मोकळी जागा तुम्हाला दिसली तशीच ती इतर टीमनाही दिसते! श्रीमंत ग्राहकांच्या गटाकडे सगळे एकदम धावतात आणि सगळ्यांचाच नफा आटतो. हे पुस्तकात वाचून अंगात भिनत नाही, स्वतःचं बजेट संपताना भिनतं.

पण तिथे अक्ष ठरलेले असतात, ग्राहकांचे गट आखलेले असतात, आणि आदर्श बिंदू तुम्हाला अहवालात विकत मिळतात. बाहेर यातलं काहीच तयार मिळत नाही. कंपन्यांमध्येही सिम्युलेशन वापरतात, कॉन्जॉइंटच्या (वेगवेगळे गुण आणि किमती असलेल्या पर्यायांतून लोकांना निवड करायला लावणारी पाहणी) माहितीवर चालणारं: 'किंमत इतकी वाढवली तर किती लोक आपल्याकडे राहतील?' उपयोगी असतं, पण साधारणपणे त्यात असं धरलेलं असतं की प्रत्येक ब्रँड प्रत्येकाला माहीत आहे आणि प्रत्येक दुकानात मिळतो. आपल्या तालुक्याच्या गावांत हे कुठे खरं असतं?

मॅप वाचताना दोन-तीन गोष्टी तपासाच. किंमत आणि दर्जा हेच दोन अक्ष घेतले तर बहुतेक वेळा सगळे ठिपके एका तिरक्या रेषेत येतात, कारण लोक महाग ते चांगलं असं धरून चालतात. असा मॅप नवं काहीच सांगत नाही. मोकळी जागा दिसली तर तिथे ग्राहकांचा आदर्श बिंदू आहे का ते आधी बघा. बऱ्याचदा ती जागा कुणालाच नको असते, म्हणून मोकळी असते. आणि सगळ्यांची सरासरी काढून एकच मॅप करू नका. कॉलेजातला मुलगा आणि दूधवाला एकाच मोटरसायकलकडे वेगळ्या नजरेने बघतात. दोघांची सरासरी काढली तर असा ग्राहक तयार होतो जो कुठेच राहत नाही.

अक्ष शोधायची सवय लावायची असेल तर जॉर्ज केली या मानसशास्त्रज्ञाची १९५० च्या दशकातली एक सोपी पद्धत वापरून बघा. एखादी रोजची वस्तू घ्या, चहापत्ती किंवा डिटर्जंट चालेल. घरातल्या, शेजारच्या, मेसमधल्या लोकांना एका वेळी तीन ब्रँड दाखवा आणि विचारा, 'यातले कोणते दोन एकसारखे, आणि तिसरा वेगळा कशामुळे?' जे शब्द येतील ते जसेच्या तसे लिहून घ्या, तुमच्या पुस्तकी शब्दांत बदलू नका. ब्रँडांच्या यादीत 'सुटा माल' आणि 'घेतच नाही' हेही ठेवा. वीस-पंचवीस लोकांनंतर तेच ते शब्द परत येऊ लागतील. मग त्या शब्दांचे अक्ष करून हाताने मॅप काढा आणि मार्कस्ट्रॅटच्या पुढच्या फेरीआधी तुमच्या टीमला दाखवा.