चालवण्याच्या पद्धतीला दोष देण्याआधी टाकीचा हिशेब ठेवा आणि चाके तपासा

आपण लिहिले आहे की, चार मीटरच्या आतली पेट्रोल एसयूव्ही घेऊन दीड वर्ष झाले, कंपनी लिटरला 18 किलोमीटर सांगते, पुण्यात प्रत्यक्षात 9.5 मिळतात आणि सर्व्हिस सेंटरमध्ये ‘तुमची चालवण्याची पद्धत’ एवढेच उत्तर मिळते. हेच उत्तर मी सलग तीन सर्व्हिसिंगला मुकाट्याने ऐकून घेतले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी मेकॅनिक नाही. जे लिहितो आहे ते एका 1.2 लिटर टर्बो पेट्रोल गाडीच्या अनुभवावरून.

18 चा आकडा खोटा नसतो, पण तो प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद ठेवून आणि ताशी 90 किलोमीटरच्या वर न जाता काढलेला असतो. कोथरूडहून हिंजवडीला जाताना आपण सिग्नलला आणि कोंडीत मिळून 25 मिनिटे उभे राहिलात, तर एसी चालू असलेले इंजिन तेवढ्यातच पाव लिटरहून जास्त पेट्रोल पिते, आणि त्या पेट्रोलचे किलोमीटर शून्य. त्यामुळे शहरात 11 ते 13 मिळाले, तर माझ्या मते तक्रारीला जागा नाही. 9.5 मात्र मला पटत नाही.

माझी गाडी पहिल्या वर्षी साडेबारा देत होती आणि पावसाळ्यानंतर दहावर आली. मी दोष पावसाला दिला, रस्त्याच्या कामांना दिला, पण पंपावरच्या एकाही पावतीमागे किलोमीटर लिहून ठेवले नाहीत. डॅशबोर्डवरच्या ॲव्हरेजवर विसंबून राहिलो, ही माझी सर्वांत महागात पडलेली चूक. सर्व्हिस ॲडव्हायझरने मीटर रीसेट केला, बायपासच्या मोकळ्या पट्ट्यात साठच्या वेगाने चार किलोमीटर गाडी नेली आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, “बघा साहेब, सतरा.” हातात हिशेब नसल्यामुळे मला काही बोलता आले नाही. चार किलोमीटरच्या सपाट रस्त्यावर, आधीच तापलेल्या इंजिनावर कोणतीही गाडी सतरा दाखवील, हे मला घरी आल्यावर सुचले.

पुढे एका संध्याकाळी पार्किंगमध्ये उतरताना जळका वास आला. उजव्या पुढच्या चाकाची रिम कोमट होती आणि डाव्या रिमजवळ तळहात धरवत नव्हता. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने जॅक लावून चाक हाताने फिरवले, तर ते अर्धा फेरासुद्धा न घेता थांबले. कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजून अडकल्या होत्या, म्हणजे ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासतच राहत होते आणि मी कित्येक महिने ब्रेक लावूनच गाडी चालवत होतो. डिस्क निळसर पडली होती. वॉरंटीबद्दल विचारले, तर ब्रेक हा झिजणारा भाग आहे, असे सांगण्यात आले. ज्यांनी तीनदा गाडी उचलून धुतली, त्यांना एकदा चाक फिरवून पाहावेसे वाटले नाही, याचा राग अजून जात नाही.

म्हणून आधी एवढे करा. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा (वरून ‘राउंड फिगर’ करू देऊ नका), पुढच्या वेळी तसेच भरून धावलेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा, आणि हे सलग तीन टाक्या करा. दहा-पंधरा किलोमीटर फार ब्रेक न मारता चालवून आल्यावर चारही रिमजवळ तळहात नेऊन पाहा. डिस्कला थेट हात लावू नका. एकच चाक वेगळे तापत असेल, तर जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या कागदावर) ‘ब्रेक सोडल्यावरही धरून राहतो का, चाक उचलून तपासणे’ असे शब्दशः लिहून घ्या. ‘ॲव्हरेज कमी’ असे लिहिले, तर पुन्हा बायपासची सहल घडेल.

बाकीचे थोडक्यात. टायरमधली हवा ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरा. पंपावरचा मुलगा सगळ्यांना एकच आकडा मारतो. रुंद टायर आणि रिकामे रूफ कॅरियर हौसेचे असतात, त्यांची किंमत पेट्रोलमध्ये मोजावी लागते. एक्स्प्रेसवेवर 80 ऐवजी 120 ने गेलात, तर हवेचा विरोध सव्वादोन पट होतो (मर्यादा 100 ची आहे, हे वेगळे). खंबाटकी घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका: गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की आजची इंजिने पेट्रोलचा पुरवठा तोडतात, न्यूट्रलमध्ये मात्र ते जळत राहते, शिवाय इंजिनाचा ब्रेकही मिळत नाही. पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही.

ई20 पेट्रोलचा (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या; ई10 म्हणजे 10 टक्के, ई0 म्हणजे इथेनॉल नसलेले) परिणाम आहे, पण सगळे खापर त्यावर फोडू नका. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात ई10 साठी बनवून ई20 साठी जुळवलेल्या चारचाकींना 1 ते 2 टक्के आणि ई0 साठी बनवून ई10 साठी जुळवलेल्यांना 6 ते 7 टक्के घट सांगितली आहे. आपली घट 18 वरून 9.5 वर आहे.

गाडी ऑटोमॅटिक आहे का, आणि टायर कंपनीच्याच मापाचे आहेत का, हे आपण लिहिलेले नाही. तीन टाक्यांच्या आकड्यांबरोबर तेवढे कळवा.