उद्या त्याच गल्लीत जायचंय

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या गाळ्याला लागलेल्या आगीचे फोटो मिळाले. धुरातून बाहेर येऊन हेल्मेट काखेत धरून उभा राहिलेला जवान झकास टिपलायस. पण फुटपाथवर बसून ऊर बडवणाऱ्या बाईंचा जो फोटो तू इन्स्टाग्रामवर टाकलास, तो हे पत्र वाचून होताच काढून टाक. फोटो चांगला आहे, आणि म्हणूनच तो पसरणार.

त्या बाई उद्या पंचनाम्याला उभ्या राहतील, परवा विम्याच्या माणसाशी भांडतील, पुढच्या आठवड्यात त्याच रस्त्याने दूध आणायला निघतील. मुंबईहून आलेला फोटोग्राफर रात्री परत गेला की त्याचा त्यांच्याशी संबंध संपतो. तू राहतोस कळव्यात. तुला त्या गल्लीत पुन्हा जायचंय. पाणी आलं नाही म्हणून, गणपती आले म्हणून, निवडणूक लागली म्हणून. तुला बघून लोकांनी दारं लावून घेतली, तर तुझी ती महागडी लेन्स काय चाटायची? बाकी जे सांगतोय ते सगळं यातूनच आलेलं आहे.

आधी पायाखालचं बघ. बाइक गल्लीच्या तोंडाशी कधीही लावायची नाही. आपल्या गल्ल्यांत एक आडवी स्कूटर अख्खा बंब अडवते. होजवर पाय द्यायचा नाही. पाणी सुटल्यावर तो पाइप कसा उसळतो हे एकदा बघितलंस की पुन्हा सांगावं लागणार नाही. तिथे वरिष्ठ कोण आहे, बहुधा अग्निशमन केंद्राचे स्टेशन ऑफिसर, त्यांना निदान नजरेने कळू दे की तू आलायस आणि कुठे उभा राहणार आहेस. त्यांनी मागे हो म्हटलं की मागे व्हायचं. वाद घालायचा असेल तर दुसऱ्या दिवशी, स्टेशनवर जाऊन. रात्री फ्लॅश बंद. धुरात त्याचा उजेड उलटा तुझ्याच लेन्सवर येतो, फोटो पांढराफटक होतो, आणि शिडीवरच्या माणसाचे डोळे दिपतात ते वेगळंच. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता, वाढव, फोटो खरखरीत आला तर येऊ दे. टीटीसी म्हणजे ठाणे खाडीपलीकडच्या औद्योगिक पट्ट्यात, रबाळे, पावणे, तुर्भे भागात केमिकल कंपनीला आग लागली असेल, तर वारा आपल्या पाठीकडून येतोय ना हे पहिलं बघायचं. सॉल्व्हंटचे, म्हणजे पेट घेणाऱ्या द्रावकांचे, ड्रम तापले की फुटतात आणि उडतात. तिथे पुढे घुसून दाखवण्यात काडीचं शौर्य नाही. तुला उचलायला दोन जवानांना हातातलं काम सोडावं लागतं.

इमारत पडते तेव्हा तर प्रकरणच निराळं. 4 एप्रिल 2013 ला शीळ फाट्याजवळ बेकायदा इमारत कोसळून 74 माणसं गेली. 4 ऑगस्ट 2015 च्या मध्यरात्रीनंतर नौपाड्यातली कृष्णा निवास पडली, 12 गेली. ढिगाऱ्यावर काम चालू असताना मधूनच शिट्टी वाजते. पोकलेन बंद, कटर बंद, जनरेटरसुद्धा बंद. एखादा जवान पालथा पडतो, हातमोजा काढून तळवा स्लॅबवर ठेवतो, फटीला कान लावतो आणि हाक मारतो, "आत कोणी आहे का?" मग सगळे थांबून ऐकतात. त्या वेळात तुझ्या कॅमेऱ्याचा बीपही वाजता कामा नये. शटर सायलेंटवर, फोन बंद, चॅनेलवाल्या दोस्ताशी कुजबुजही नाही. फोटो काढायचाच, तर त्या तळव्याचा काढ. वृत्तपत्राच्या पानावर मृतदेहाच्या फोटोपेक्षा तो वाचकाला जास्त वेळ थांबवतो, असं माझं मत आहे. काही संपादकांना ते पटत नाही. न पटू दे.

ढिगाऱ्यातून मूल निघालं की सगळे कॅमेरे तिकडे वळतात. तूही काढ, पण चेहरा जवानाचा घे, मुलाचा नको. त्याचे आईवडील त्याच स्लॅबखाली असतील, मागे सांभाळणारं कोणी नसेल, तर ते काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक ठरू शकतं, आणि बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे त्याची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, त्याचं कलम 23 आणि भारतीय न्याय संहितेचं कलम 72 हीही ओळख लपवण्याबद्दलचीच, एकदा नीट वाचून काढ. चेहरा धूसर केला पण शाळेचा गणवेश, घराचा नंबर, आजीचा चेहरा तसाच ठेवला, तर ओळख लपत नाही. शेजारपाजारच्यांना चप्पलही पुरते.

आता मुंब्र्याचं. 9 जून 2025 च्या सकाळी तिथल्या वळणावर दोन लोकल शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. त्याच दिवशी चार जण गेले. रुळालगत पडलेल्या माणसांचे फोटो कुणीही मोबाइलवर काढू शकतो. तुझं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं. सकाळच्या गर्दीत दिवा स्टेशनच्या फलाटावर उभा राहा, लोकल शिरताना दाराशी काय होतं ते बघ. बोटाच्या दोन पेरांवर दांडी धरून, जेवणाचा डबा छातीशी आवळून माणूस चढतो. तो अपघात रोज सकाळी तिथे तयार होत असतो, आणि तिथे फोटोग्राफर नसतो.

तेच धोकादायक इमारतींचं. पावसाळ्यापूर्वी महापालिका यादी काढते. सी-वन म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. आपण ती यादी छापतो आणि विसरतो. त्यातल्या एका इमारतीत जा, चहा घे, लोक का निघत नाहीत ते ऐक. भाडं परवडत नाही, आणि एकदा बाहेर पडलो की घरावरचा हक्क जाईल ही धास्ती. जिन्याखाली लावलेला लोखंडी टेकू, त्याच टेकूला बांधलेली कपड्यांची दोरी, हे जूनमध्ये टिपलंस तर ऑगस्टमध्ये ढिगाऱ्याकडे धावण्यापेक्षा जास्त काम होईल.

खाडीपुलावरून कोणी उडी मारल्याचा निरोप आला, तर कठड्याकडे लेन्स नेऊ नकोस. प्रेस कौन्सिलने 2019 मध्ये आत्महत्येच्या बातम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आहेत. पद्धत सांगू नका, जागा ठळक करू नका, फोटो-व्हिडिओ वापरू नका, असं त्यात स्पष्ट आहे. वाशी गावातले कोळी मात्र होड्या घालून अशा कितीकांना वर काढत आलेत, आणि त्यांच्यावर सवडीने काम करता येईल. होडी किनाऱ्याला असताना, भरदिवसा, त्यांना विचारून. ज्यांना वाचवलं त्यांची नावगावं त्यांच्या तोंडून काढू नकोस. आणि हो, रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमीला रिक्षात घालून नेणाऱ्याने नाव सांगायला नकार दिला, तर ते खपवून घे. मोटार वाहन कायद्याचं कलम 134-अ आणि त्याखालचे नियम पोलिसांसमोरही त्याला ती मुभा देतात, मग तू कोण?

एवढं वाचून तुला वाटेल, अग्निशमनवाल्यांचा आणि पोलिसांचा भाट व्हायला सांगतोय. अजिबात नाही. जवान बीए सेटशिवाय, म्हणजे पाठीवरच्या श्वसनयंत्राशिवाय, धुरात शिरत असेल तर तो फोटो छापून आलाच पाहिजे. तो त्याच्याच भल्याचा आहे. लाठी विनाकारण पडत असेल तर तीही टिपायची. आग विझल्यावर कडक इस्त्रीचे कपडे घालून पाहणीला येणारे पुढारी होज हातात धरून उभे राहतात, त्यांच्यासाठी शटर दाबायची गरज नाही. आणि जवानांशी ओळख आगीत होत नसते. 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. 1944 साली मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ. त्या आठवड्यात स्टेशनवर जा, ड्रिल बघ, शिडी कोण चालवतं, जेवण कधी होतं, सगळं विचार. दहीहंडीच्या दिवशी रुग्णवाहिकेशेजारी उभा राहा. पुढच्या आगीत तुला कोणी ढकलणार नाही, आणि चुकून तू मध्ये आलास तर नावाने हाक मारून ओरडतील.

राहिली कॅप्शन. तुझ्या सोळाही फोटोंखाली नुसतं 'ठाण्यात भीषण आग' आहे. आपत्ती व्यवस्थापन कक्षाच्या मेसेजमध्ये वेळ, जागा, किती फायर वाहनं, किती रेस्क्यू वाहनं, जखमी किती, सगळं असतं. तेही जसंच्या तसं उतरवू नकोस, कारण पहिला मेसेज घाईत लिहिलेला असतो. जखमींचा आकडा रात्री पुन्हा विचारून घ्यायचा. कोणता गाळा, कोणत्या स्टेशनचे जवान, आग किती वाजता आटोक्यात आली, त्यानंतर पाणी मारून थंड करण्याचं काम, कूलिंग, किती वेळ चाललं, एवढं प्रत्येक फोटोखाली हवं. शुक्रवारपर्यंत कॅप्शन नव्याने लिहून पाठव. फोटोंबद्दल त्यानंतर बोलू.

तुझा,
काका