फिल्म शिकायला परदेशात जायचंय, पण पैसे कुणाकडे मागायचे?

दरवर्षी निकाल लागले की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. शब्द इकडेतिकडे होतात पण सूर तोच असतो. "मॅडम, आमच्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली, मला बाहेर जाऊन फिल्म शिकायचीय, इंजिनिअरिंग असतं तर बँकेने लोन दिलं असतं, फिल्मला कोण देणार, आणि घरी मागायचं तर कुठल्या तोंडाने मागू." मी पुण्यात समुपदेशन करते आणि याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. तिला विचारून सांगतेय, नाव आणि ओळख पटेल अशा काही गोष्टी बदलल्यात. आपण तिला रेश्मा म्हणू.

रेश्माचे वडील मार्केट यार्डात हमाल, आई चार घरी पोळ्या करते, राहायला अप्पर इंदिरानगर, गाव वेल्ह्याकडचं, तिथे थोडी जमीन, तीही भावाभावांत सामायिक. पोरीने बीए केलं, ते करता करता सातारा रोडला एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला लागली, आणि तिथे तिला कळलं की चार तासांच्या फुटेजमधून कुठली तीन मिनिटं ठेवायची हे आपल्याला जमतं आणि त्यात आपला वेळ कसा जातो ते समजत नाही. मग पिफला, म्हणजे पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, पास काढून जानेवारीत फिल्म बघणं, फिल्म आर्काइव्हला कुठलं स्क्रीनिंग असेल तर जाऊन बसणं, स्वतःच्या दोन छोट्या डॉक्युमेंटरी. मी त्या बघितल्यात. पोरगी खरंच बघायला शिकलेली आहे.

माझ्याकडे आली ती एक फाइल घेऊन. एका एजंटने तिला लंडनचा फिल्ममेकिंगचा कोर्स सुचवला होता, फी आणि राहणं मिळून आकडा जवळजवळ ४८ लाख, आणि खाली पेनाने लिहिलेलं, लोन होऊन जाईल, घर कुणाच्या नावावर आहे ते सांगा. वडील जमीन विकायला तयार झाले होते. रेश्माला झोप लागत नव्हती.

पहिल्या भेटीत आम्ही पैशाचं बोललोच नाही. मी एवढंच विचारलं की सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. मला वाटलं नापास होण्याची म्हणेल, परक्या देशाची म्हणेल. ती म्हणाली, "बाबांच्या पाठीची. मॅडम, बाबांना आता वाकता येत नाही नीट, आणि मी म्हणतेय मला लंडनला एडिटिंग शिकायचंय." आणि मग खूप रडली.

घरातल्या पहिल्या शिकणाऱ्या मुलांमध्ये मला हे फार दिसतं. फीच्या आकड्याइतकाच हा अपराधीपणा त्यांना खातो, आणि त्यातून ती दोनपैकी एक काहीतरी करतात, एकतर स्वप्नाचं घरी काहीच बोलत नाहीत आणि मिळेल त्या नोकरीला लागून आतल्या आत कुढत बसतात, नाहीतर एजंटच्या भरवशावर आईवडिलांना सही करायला लावतात आणि पुढची दहा वर्षं त्या सहीचं ओझं वाहतात. दोन्हीकडे आईवडिलांना खरा आकडा कुणी सांगितलेलाच नसतो. म्हणून मी म्हटलं, पुढच्या वेळी बाबांना घेऊन ये.

काका आले, यार्डाला सुट्टी होती त्या दिवशी. बसल्या बसल्या म्हणाले, "म्याडम, पोरगी रात्रीची रडती, मी म्हणलं इकू जमीन, तरी रडती. आमाला काय कळंना." मी कागद घेतला आणि त्यांच्यासमोर हिशोब मांडला. समजा ४० लाखांचं कर्ज, व्याज ११ टक्के, फेड दहा वर्षांत, तर महिन्याचा हप्ता साधारण ५५,००० रुपये, आणि शिकत असतानाही व्याज चढतंच असतं ते वेगळं. फिल्ममध्ये सुरुवातीला असिस्टंट म्हणून जे मिळतं त्यात मुंबईत राहण्याचं भाडं सुटलं तरी खूप झालं. पोत्यावर हमाली मोजणारा माणूस, त्यांना हा हिशोब माझ्यापेक्षा लवकर कळला. थोडा वेळ गप्प बसले मग पोरीकडे बघून म्हणाले, "दोन लाखापर्यंत मी हाय. पतसंस्थेतनं काढीन. जमिनीला हात लावायचा न्हाई, तिथं भावाची बी सही लागती. बाकीचं तू बघ, म्याडमला इचारून बघ."

रेश्माचा चेहरा त्या क्षणी सैल झाला. बापाने नाही म्हटलेलं नव्हतं, आणि सगळं गहाणही टाकलेलं नव्हतं, त्याने त्याची सीमा स्वतःच्या तोंडाने सांगितली होती. आता राहिलं ते काम होतं, आणि कामाला ती मुलगी घाबरत नाही.

आता पैशाचं. ज्यांच्याकडे पैसे असतात ते आधी कोर्स निवडतात आणि मग पैसे भरतात. आपल्याला उलटं करावं लागतं, आधी बघायचं कुठल्या पैशात फिल्म बसते, आणि मग त्यातला कोर्स निवडायचा. कारण सगळ्या शिष्यवृत्त्या सगळ्या विषयांना नसतात, काही ट्रस्टच्या नियमांत फिल्म सरळ वगळलेली असते, तिथे महिनाभर निबंध लिहून काही उपयोग नाही, पहिल्या दिवशी नियमांचं पान वाचायचं.

आपल्या राज्याच्या परदेशी शिष्यवृत्त्या आहेत, अनुसूचित जातींसाठी समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज योजना, मराठा कुणबी मुलांसाठी सारथीची, ओबीसी, भटक्या विमुक्त, आदिवासी, खुल्यातले कमी उत्पन्नाचे, प्रत्येकासाठी त्या त्या खात्याची वेगळी. सारथी आणि समाजकल्याण आयुक्तालय दोन्ही पुण्यातच आहेत, प्रत्यक्ष जाऊन विचारता येतं. पण फिल्मवाल्यांची इथे एक मोठी अडचण होते जी कुणी आधी सांगत नाही. या योजनांत विद्यापीठ क्यूएस जागतिक रँकिंगमध्ये असावं लागतं, बहुतेक ठिकाणी पहिल्या २०० मध्ये. आणि जगातल्या कितीतरी नावाजलेल्या फिल्म स्कूल, म्हणजे प्रागची फामू, पोलंडची वुच (Łódź) फिल्म स्कूल, ब्रिटनची नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूल, या त्या यादीत नाहीतच, कारण त्या फक्त फिल्म शिकवणाऱ्या संस्था आहेत, त्यांना ते रँकिंग लागूच होत नाही. म्हणजे तिथे ॲडमिशन मिळून सुद्धा राज्याची शिष्यवृत्ती मिळणार नाही. तीच फिल्म एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या विभागात शिकलात, एडिनबरा, कोलंबिया, युसीएलए असं कुठे, तर रँकिंगची अट पूर्ण होते. तरीही तुमचा कोर्स कला शाखेत धरतील का हे त्या वर्षीची जाहिरात हातात घेऊन ऑफिसात लेखी विचारून घ्या, तोंडी हो वर विसंबू नका.

रेश्मासाठी मला जास्त जवळचे वाटले ते इरॅस्मस मुंडसचे कोर्स. युरोपियन युनियनचा पैसा, दोन वर्षांचा मास्टर्स, वेगवेगळ्या देशांत सेमिस्टर. डॉकनोमॅड्स म्हणून आहे, पूर्ण डॉक्युमेंटरीचा, लिस्बन, बुडापेस्ट, ब्रसेल्स असा फिरता, इंग्रजीत शिकवतात. किनोआइज म्हणून दुसरा आहे कथापटांचा. शिष्यवृत्ती मिळाली तर फी नाही आणि महिन्याला १,४०० युरो हातात. जागा मोजक्या, जगभरातून अर्ज, पण इथे तुमचं घर कुणाच्या नावावर आहे हे कुणी विचारत नाही, तुमची फिल्म बघतात.

ब्रिटनची चेव्हनिंग आहे, पूर्ण खर्च देते, कुठलाही विषय चालतो, पण कोर्स एक वर्षाचा मास्टर्स पाहिजे, म्हणून तिथले दोन वर्षांचे फिल्म कोर्स बाद होतात, आणि कामाचा अनुभव २,८०० तासांचा लागतो. जर्मनीच्या डीएएडी (DAAD) या संस्थेची तर एक शिष्यवृत्ती दृश्यकला, डिझाइन आणि फिल्म या विषयांसाठीच आहे, सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत फी पण नाही. मात्र जर्मन यायला हवं, आणि पुण्यात जर्मन शिकायला रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्सम्युलर भवन आहे, त्या बाबतीत पुण्याचं पोरगं नशीबवान. जे. एन. टाटा एन्डोमेंट, के. सी. महिंद्रा ट्रस्ट यांच्या कर्ज-शिष्यवृत्त्या आहेत, त्यात सगळा खर्च निघत नाही पण अर्धवट राहिलेला खड्डा भरतो.

आणि मी तिला विचारलं, एफटीआयआयची, म्हणजे आपल्या पुण्यातल्या सरकारी फिल्म संस्थेची, प्रवेश परीक्षा दिलीस? तर म्हणाली, "ते आपल्यासाठी नाही वाटलं." लॉ कॉलेज रोडची संस्था, स्वारगेटहून बसने जाता येतं, प्रभातच्या स्टुडिओच्या जागेवर १९६० पासून उभी आहे, २०२४ मध्ये तिथल्या विद्यार्थ्याच्या फिल्मने फ्रान्सच्या कान महोत्सवात ला सिनेफ या विद्यार्थ्यांच्या फिल्मच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस घेतलं, आणि ही मुलगी गेटसमोरून जाऊन आर्काइव्हला फिल्म बघून परत यायची पण आत फॉर्म भरावा असं तिच्या मनात आलं नाही. मला याचं फार वाईट वाटलं. परदेशात जाऊ नको असं मी कधीच म्हणत नाही, पण घराजवळचं दार आपण स्वतःच बंद समजून चालायचं नाही. तो फॉर्म यादीत आला.

मग खरी मेहनत सुरू झाली, कागदांची. वडील माथाडी मंडळाकडे नोंदलेले, त्यामुळे त्यांच्या मजुरीची नोंद आणि पीएफ व्यवस्थित, उत्पन्नाचा दाखला अडला नाही. पण रेश्माचं स्टुडिओचं काम सगळं रोखीत, पगारपत्रक काही नाही. चेव्हनिंगला तास दाखवायचे कसे? मी तिला सांगितलं मालकाला भेट, किती महिने, आठवड्याला किती तास, काय काम, हे लेटरहेडवर लिहून घे, इथून पुढे पैसे खात्यावर घे, आणि स्वतःची एक वही ठेव. अर्धवेळ काम, स्वयंसेवी काम सुद्धा मोजलं जातं हे तिला माहीतच नव्हतं, एका संस्थेसाठी तिने फुकट शूट केलेले व्हिडिओ होते, ते पण मोजणीत आले.

शिफारसपत्रांचं दुखणं वेगळं. कॉलेजात ही मुलं मागच्या बाकावर, लेक्चर झालं की कामाला पळणारी, प्राध्यापकांना नाव सुद्धा आठवत नाही. एक सर म्हणाले, तूच लिहून आण मी सही करतो. बऱ्याच ठिकाणी हे असंच चालतं पण त्याने नुकसान होतं, तीन पत्रांची भाषा सारखी आली की वाचणाऱ्याला लगेच कळतं. त्याऐवजी रेश्माने सरांना एक पानभर मुद्दे आणि स्वतःच्या फिल्मची लिंक दिली आणि म्हणाली, सर तुम्ही बघून तुमच्या शब्दांत लिहा, मी आठवड्याने येते. सरांनी फिल्म बघितली आणि मग चांगलं दीड पान लिहिलं.

सगळ्यात अवघड गेलं ते मागणं. "मॅडम, शिष्यवृत्ती म्हणजे पण कुणाचे तरी पैसे घेणंच ना." ही लाज मी खूप मुलांच्या डोळ्यांत बघितलीय आणि दर वेळी मी हेच सांगते, बाबासाहेब १९१३ ला कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. सार्वजनिक पैसा शिकणाऱ्यासाठीच ठेवलेला असतो आणि तो मागणं हे लाचारीचं काम नाही, तो अर्ज आहे, त्यात तुमचं काम तोललं जातं. आणि वाट विचारायची तर आता त्या वाटेने गेलेली माणसं आहेत, बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी घरातले राजू केंद्रे चेव्हनिंगवर लंडनला शिकले आणि त्यांची एकलव्य संस्था पहिल्या पिढीतल्या मुलांना याच अर्जांसाठी मदत करते. रेश्माला मी तिकडच्या मुलांशी बोलायला सांगितलं, माझ्या सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

पहिल्या वर्षी काय झालं ते पण सांगते. एका ठिकाणहून नकार आला, डॉकनोमॅड्सच्या वेळी वेटिंग लिस्टवर राहिली आणि वर सरकली नाही. नातेवाईक बोलले, एक वर्ष फुकट घालवलं म्हणून. मला ते अजिबात पटत नाही. त्या वर्षात ती लग्नाच्या स्टुडिओतून एका प्रॉडक्शन हाउसमध्ये असिस्टंट एडिटर झाली, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली, तिसरी फिल्म केली, आणि डोक्यावर एक रुपया कर्ज नाही. एजंटच्या कोर्सला गेली असती तर आज पहिला हप्ता कुठून आणायचा हा विचार करत असती.

आईवडिलांपैकी कुणी हे वाचत असेल तर एक विनंती. शिष्यवृत्तीचं पत्र हातात येईपर्यंत जमीन, घर, दागिने, कशालाही हात लावू नका, आज सीट बुक केली नाही तर जाईल असं कुणी म्हटलं तरी. आणि पोराला तुमचा आकडा सांगा, तो पन्नास हजार असला तरी सांगा, त्याला त्यावरून पुढचं ठरवता येतं. दाखले, पासपोर्ट, जात पडताळणी हे मात्र आधी काढून ठेवा, अर्जाच्या मुदती तहसीलच्या रांगेसाठी थांबत नाहीत.

रेश्माचे तास आता पूर्ण झालेत, या वेळी ती चेव्हनिंग, इरॅस्मस आणि एफटीआयआय तिन्ही भरतेय. चेव्हनिंगमध्ये एक अट आहे, शिकून झाल्यावर निदान दोन वर्षं मायदेशी परत यायचं. काकांना तेवढी एकच अट फार आवडली, म्हणाले, "हे बरं हाय, लिहून घेत्यात." रेश्माचं म्हणणं निराळं, तिला आधीच ठरवायचंय की परत आल्यावर त्या दोन वर्षांत पुण्यात काय काम करायचं, कारण फॉर्ममध्ये ते विचारतात आणि तिला उगाच गोड गोड लिहायचं नाहीये. त्याच्यावर आम्ही रविवारी बसणार आहोत.