गव्हाच्या रानटी सोयऱ्यांवरची काजळी

प्रश्न : आमच्या भातावर आभासमय काजळी पडते. गव्हाच्या रानटी सोयऱ्यांवर आढळणारी काजळी हीच का? तिच्या जाती यजमान गवतावरूनच, म्हणजे ती ज्यावर वाढते त्या गवतावरूनच, ठरवतात का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : नाही. लोंबीत आधी पिवळ्या-नारिंगी व पुढे गडद हिरव्या गाठी धरणारी आपली आभासमय काजळी खऱ्या काजळीच्या गोत्रातली नसून बाजरीवरच्या अरगट रोगाच्या बुरशीच्या कुळातली आहे.

गव्हाची मोकळी काजळी युस्टिलागो प्रजातीची, तर दाण्यात काळी भुकटी भरून सडक्या मासळीसारखा वास सोडणारी दुर्गंधी काजळी टिलेशिया प्रजातीची. नावाने बहिणी वाटल्या तरी वर्गीकरणात या दोघींचे वर्गच वेगळे आहेत. टिलेशिया कॅरीजच्या बीजाणूवर सूक्ष्मदर्शकाखाली जाळी दिसते, टिलेशिया लीव्हिसचा बीजाणू मात्र गुळगुळीत असतो, आणि तरीही या दोघींचा आपसांत संकर होतो. तेव्हा केवळ रूपावर विसंबणे धोक्याचे. यजमानावर विसंबणेही तितकेच अपुरे आहे : गहू आणि सातू यांच्या मोकळ्या काजळ्या दिसायला जवळजवळ सारख्या असूनही एकमेकींच्या पिकावर सहसा जात नाहीत, पण बुटकेपणा आणणारी टिलेशिया कॉन्ट्रोव्हर्सा गव्हाखेरीज एजिलॉप्स या गव्हाच्या रानटी सोयऱ्यासारख्या अनेक रानगवतांवरही वाढते. म्हणूनच आता बीजाणूची ठेवण, त्याचे रुजण्याचे तापमान, यजमान आणि डीएनए यांचा एकत्रित विचार करतात. कॉन्ट्रोव्हर्साचे बीजाणू सुमारे ५ अंश सेल्सिअसला, बहुधा बर्फाखाली, कित्येक आठवड्यांनी रुजतात. कोकणात तिची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.