एका वाचकांनी विचारलंय: शेजारी म्हणतात, सारखा चीक असला की कलम लागतं; आंब्यालाही चीक, फणसालाही चीक. मग आंब्यावर फणसाचं कलम का लागत नाही?

‘सारखा चीक असला की कलम लागतं’ हा तुमच्या शेजाऱ्यांचा नियम मीही लहानपणी ऐकलाय आणि त्यापायी एक अख्खा पावसाळा वाया घालवलाय. रायवळ आंब्याच्या रोपावर फणसाची काडी पाचर मारून बांधली, वर प्लॅस्टिकची टोपी चढवली. तीन आठवडे काडी हिरवीगार! मी घरभर सांगत सुटलो. चौथ्या आठवड्यात पट्टी सोडली, तर काडी अलगद हातात आली. काप काळा पडलेला. ती जगत होती स्वतःच्या साठ्यावर आणि टोपीतल्या दमटपणावर, खालून तिला थेंबही मिळत नव्हता.

मुळात चीक हा शब्द एक असला तरी वस्तू एक नाही. आंब्याचा चीक राळेच्या नळ्यांतून येतो, त्यातल्या तेलकट भागाने कातडी भाजते. फणसाचा आणि चिकूचा दुधाळ, रबरासारखा ताणला जाणारा. (चिकूच्या चिकापासूनच पूर्वी च्युइंगम बनायचं.) शिवाय सांधा जुळवायचं काम चिकाचं नाहीच. ते करतो साल आणि लाकूड यांच्या मधला ओलसर पातळ थर. दोन्ही कापांवर आधी पेशींचा गोळा तयार होतो, मग काडीकडून खाली येणाऱ्या ऑक्सिन या संप्रेरकाच्या इशाऱ्यावर त्यात पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्या नव्याने जोडल्या जातात. हे बहुतेक वेळा भावकीतच जमतं. आंबा काजूच्या कुळातला, फणस वड-तुतीच्या. चिकू खिरणीच्या झाडावर लागतो तो चिकामुळे नव्हे, दोघं एकाच प्रजातीतले (जीनसमधले) सख्खे म्हणून.

पण रसायनाचा संबंधच नाही असंही नाही, आणि मला तरी खरी गंमत इथेच वाटते. युरोपात झाड ठेंगणं राहावं म्हणून नासपतीचं कलम क्विन्स नावाच्या फळझाडाच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळांच्या झाडावर, करतात. कूळ एकच, गुलाबाचं. तरी ‘विल्यम्स’ ही जात, जिला अमेरिकेत ‘बार्टलेट’ म्हणतात, क्विन्सवर धड नांदत नाही. क्विन्समध्ये प्रुनासिन नावाचं द्रव्य असतं, कडू बदामातल्या विषाच्या जातीचं. ते एरवी निरुपद्रवी. पण सालीतून वर चढून नासपतीत गेलं की तिथलं विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. सांध्याजवळच्या कोवळ्या पेशी त्याने मरतात, अन्नाच्या नळ्या तुंबतात. म्हणजे विष ना पुरतं खुंटाचं ना पुरतं काडीचं. दोघांच्या भेटीत तयार झालेलं! त्यात वाईट म्हणजे कधीकधी असं झाड काही वर्षं बरं वाढतं आणि मग एखाद्या वाऱ्यात सांध्यापाशी करवतीने कापल्यासारखं मोडतं.

यावर बागाईतदारांनी काढलेला तोडगा अगदी आपल्याकडच्या मध्यस्थासारखा आहे. ‘ब्यूरे हार्डी’ या नासपतीचं क्विन्सशीही पटतं आणि विल्यम्सशीही. मग तिचा एक तुकडा मध्ये घालायचा: खाली क्विन्स, मध्ये हार्डी, वर विल्यम्स. एका झाडाला दोन सांधे.

तेव्हा आंबा-फणस सोडा. एका झाडावर अनेक फळांची हौस असेल तर आंब्यावर आंबेच बांधा. उत्तर प्रदेशात मलिहाबादच्या कलीमुल्ला खान यांनी एकाच झाडावर 300 हून अधिक जातींचे आंबे लावलेत. घरच्या रायवळावर हापूस, केसर, पायरी सहज नांदतील. फणसाची काडी मात्र फणसाच्याच रोपावर बांधा, आणि नवी पालवी फुटून निबर होईपर्यंत घरात कुणाला सांगू नका.