स्टोइक भावना मारायला सांगतात का? आधी 'पाथोस'चं मराठी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: प्लेटोपासून मध्ययुगातल्या ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अ‍ॅक्वायनसपर्यंत टिपणं काढताना एका पानावर स्टोइक (प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांचा एक पंथ) म्हणतात 'भावना समूळ उपटा', दुसऱ्या पानावर अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो 'योग्य प्रमाणात भावना हवीच'. मग बरोबर कोण? आणि राग आत्म्याच्या नेमक्या कुठल्या भागात असतो?

यातला निम्मा गुंता भाषांतराचा आहे, म्हणून तो आधी सोडवू. 'आत्मा' हा शब्द थोडा वेळ बाजूला ठेवा. आपल्याकडे आत्मा म्हटलं की शस्त्राने न तुटणारं, अग्नीने न जळणारं काहीतरी डोळ्यापुढे येतं. ग्रीक 'प्सूखे' मुळात तसं नाही. अ‍ॅरिस्टॉटलच्या लेखी ती झाडालाही असते: पोषण, वाढ, प्रजनन. प्राण्यांत तिच्यात संवेदना आणि इच्छा येते, माणसात बुद्धी. तो म्हणतो, डोळा हा स्वतंत्र प्राणी असता तर पाहण्याची शक्ती ही त्याची प्सूखे ठरली असती. इथे 'आत्मा' लिहिलंत की वाक्य विचित्र होतं. 'जीव' लिहून बघा. झाडात जीव असतो, जीव घाबरतो, जीव जडतो, जीव तुटतो, जीव जातो. जगणं आणि भावना दोन्ही एकाच शब्दात आहेत, ग्रीक शब्दाचा आवाकाही जवळपास हाच. प्लेटो जिथे मरणानंतर उरणाऱ्या प्सूखेबद्दल बोलतो तिथे मात्र 'आत्मा' शोभतो. सगळीकडे एकच प्रतिशब्द वापरायचा हट्ट धरू नका.

'पाथोस'चंही तसंच. मूळ अर्थ 'जे आपल्याला होतं, जे भोगावं लागतं'. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोने इ.स.पू. 45 मध्ये हे ग्रीक विचार लॅटिनमध्ये आणताना यावरच विचार केला होता. 'रोग' असा शब्दशः पर्याय समोर होता, पण राग किंवा दुःख यांना रोग म्हणणं लॅटिनच्या वळणात बसेना, म्हणून त्याने 'खळबळ' या अर्थाचा 'पेर्तुर्बातियो' घेतला. मराठीत अ‍ॅरिस्टॉटलसाठी 'भावना' आणि स्टोइकांसाठी 'विकार' लिहा. एवढ्या एका बदलाने तुमच्या दोन पानांतला विरोध बराच निवळेल. 'विकार उपटा' हे वाक्य मराठी कानाला मुळीच खटकत नाही.

आता प्लेटो. जीवाचे तीन भाग तो का मानतो, तर एकच गोष्ट एकाच वेळी, एकाच बाबतीत दोन उलट दिशांना जाऊ शकत नाही म्हणून. तहान लागलेली असूनही माणूस पीत नाही, तेव्हा आत ओढणारं वेगळं आणि थोपवणारं वेगळं असलं पाहिजे. तिसरा भाग, म्हणजे 'थुमोस' (राग आणि स्वाभिमान जिथून उसळतात तो), सिद्ध करायला त्याने 'रिपब्लिक'च्या चौथ्या भागात लिओन्टियसचा प्रसंग दिला आहे. पिरेयस बंदराकडून वर येताना हा गृहस्थ तटाच्या बाहेर देहदंड दिलेल्यांची प्रेतं पाहतो. बघायची इच्छाही होते आणि किळसही येते. तो तोंड झाकून घेतो, झगडतो, शेवटी डोळे फाडून धावत जातो आणि स्वतःच्याच डोळ्यांना म्हणतो, घ्या मेल्यांनो, पोटभर बघून घ्या! इथे राग वासनेच्या विरुद्ध उभा आहे, विवेकाच्या बाजूने. म्हणून प्लेटोच्या लेखी राग वासनांच्या गटात मोडत नाही. हा मुद्दा टिपणात हमखास सुटतो, कारण आपण काम आणि क्रोध एका दमात उच्चारतो.

दुसरी नेहमीची चूक रथाची. प्लेटोने जीवासाठी उपमा म्हणून वापरलेला दोन घोड्यांचा रथ दिसला की कठोपनिषदातला रथ शेजारी मांडायचा मोह होतो. कठोपनिषदात आत्मा रथात बसलेला स्वामी आहे, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. प्लेटोच्या रथात वेगळा स्वामीच नाही. सारथी म्हणजे बुद्धी, आणि ती जीवाचाच एक भाग. घोडे म्हणजे इंद्रियंही नव्हेत, तेही जीवाचेच भाग, आणि त्यांतला पांढरा सारथ्याचं ऐकणारा आहे. आत शांत बसलेला साक्षी प्लेटोच्या चित्रात शोधायला गेलात तर पुढचं सगळं चुकत जाईल.

अ‍ॅरिस्टॉटल भागांच्या भानगडीत फार पडत नाही. 'राग म्हणजे काय' याला दोन उत्तरं मिळतात, असं तो जीवावरच्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच सांगतो. तर्कपंडित म्हणेल, दुखावल्याबद्दल परतफेड करायची इच्छा. निसर्गाचा अभ्यासक म्हणेल, हृदयाभोवतीचं रक्त उकळणं. त्याच्या मते दोन्ही हवीत. एक रागाचं रूप, दुसरं द्रव्य. वक्तृत्वावरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात तर तो प्रत्येक भावनेला तीन प्रश्न लावतो: त्या वेळी मनाची स्थिती कशी असते, ती कोणाबद्दल वाटते, आणि कशामुळे. रागाचं कारण 'उपेक्षा', आणि तिचे तीन प्रकार: तुच्छ लेखणं, दुसऱ्याचं काम स्वतःचा काही फायदा नसताना मुद्दाम अडवणं, आणि निव्वळ मजेसाठी अपमान करणं. शिवाय ही उपेक्षा अशा माणसाकडून व्हावी लागते ज्याला तसं करायचा अधिकार नाही. अनोळखी माणसाने ओळख न दाखवणं आणि जुन्या मित्राने न दाखवणं यांतला फरक या व्याख्येत बरोबर बसतो. भावनेच्या पोटात एक समजूत असते हे इथेच ठरलं. स्टोइकांनी तोच धागा टोकाला नेला.

स्टोइकांवर जास्त वेळ घालवा, गैरसमज तिथेच सर्वांत जास्त आहेत. पंथाचा पाया झेनोने घातला, पण विचारांची बांधणी पुढच्या पिढ्यांतल्या ख्रिसिपसची, इ.स.पू. तिसऱ्या शतकातली. मूळ विकार चार, आणि ते दोन प्रश्नांतून निघतात: समोरची गोष्ट चांगली वाटते की वाईट, आणि ती आत्ता आहे की पुढे येणार आहे? चांगली आणि आत्ता: सुख. चांगली आणि पुढे: लालसा. वाईट आणि आत्ता: दुःख. वाईट आणि पुढे: भय. राग लालसेच्या पोटात येतो, कारण तो सूडाची इच्छा आहे. ज्ञानी माणसाकडे या चारांच्या जागी तीन चांगल्या भावना असतात: आनंद, सावधपणा आणि विवेकी इच्छा. चौथी, म्हणजे दुःखाची जागा रिकामी, कारण दुर्गुण हेच एकमेव खरं वाईट, आणि ते त्याच्यात नाही. म्हणजे ज्ञानी माणूस दगड नाही. त्याला आनंद होतो, फक्त तो पैशा-प्रतिष्ठेवर टांगलेला नसतो.

ख्रिसिपसचा खरा दावा पुढे आहे. विकार म्हणजे निर्णय. मनावर आधी एक ठसा उमटतो, 'माझा अपमान झाला'. मग मन त्याला रुकार देतं. ग्रीक शब्द 'सुंकाताथेसिस', आणि 'रुकार' याइतका नेमका मराठी शब्द त्याला दुसरा नाही. त्यात दोन गोष्टींना रुकार असतो: हे वाईट आहे, आणि याला असं प्रत्युत्तर देणं योग्य आहे. पण मग राग आवरत का नाही? यावर त्याचा दृष्टान्त धावणाऱ्याचा. चालणारा हवा तिथे थांबतो. धावणाऱ्याला पाय आपलेच असूनही त्या क्षणी थांबता येत नाही. रुकार आपलाच होता, वेग मात्र हातातून गेला.

रोमन स्टोइक सेनेकाने रागावरच्या ग्रंथात, दुसऱ्या भागाच्या पहिल्या चार प्रकरणांत, याच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. एवढी चार प्रकरणं तरी मुळातून वाचाच. पहिला हेलकावा आपल्या हातात नाही. अंगावर गार पाणी उडालं की शहारा येतो, वाईट बातमीने अंगावर काटा येतो, कड्यावरून खाली पाहिलं की गरगरतं. हा विकार नव्हे, त्याची नुसती चाहूल. दुसऱ्या पायरीवर मन म्हणतं, मला दुखावलंय, तेव्हा परतफेड व्हायला हवी. इथे अजून वळवता येतं. तिसऱ्या पायरीवर योग्य-अयोग्य काहीही असो, सूड हवाच. स्टोइकांचा सगळा उपाय पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मधल्या फटीत आहे. 'स्टोइक माणसाला काही वाटतच नाही' असं लिहिणाऱ्यांनी ही पहिली पायरी वगळलेली असते.

राग कुठे असतो? ख्रिसिपसच्या मते मनाचं सारं कारभारी केंद्र हृदयात. एक पुरावा तो उच्चाराचा देतो. ग्रीकमध्ये 'मी' म्हणजे 'एगो', आणि पहिलं अक्षर उच्चारताना हनुवटी खाली, छातीकडे झुकते. स्वतः म्हणून बघा: 'ए' ला जबडा खरंच खाली येतो. आता 'मी' म्हणा. ओठ मिटतात आणि बाजूंना ताणले जातात, हनुवटी कुठेच जात नाही. पुरावा तिथेच गळून पडतो. गेलन या वैद्याने इ.स. दुसऱ्या शतकात या युक्तिवादाचा समाचार घेतलाच, शिवाय रोममध्ये लोकांसमोर जिवंत डुकराच्या स्वरयंत्राकडे जाणाऱ्या नसा बांधून दाखवल्या. किंचाळणारं डुक्कर एकदम गप्प होतं, गाठ सोडली की पुन्हा ओरडतं. नसा मेंदूकडून येतात, तेव्हा आवाजाचा आणि विचाराचा मालक मेंदू. राग मात्र गेलनने प्लेटोच्या वाटणीप्रमाणे हृदयातच ठेवला आणि वासना यकृतात.

स्टोइकांची दुखरी जागा शोक आहे. पोसिडोनियसने, तोही स्टोइकच, विचारलं: विकार जर निर्णय असेल, तर निर्णय तोच राहूनही शोक काळाने का ओसरतो? मूल गेलं हे वाईट झालं, असं आई दहा वर्षांनीही म्हणेल, पण रडू तसं येत नाही. ख्रिसिपसचं उत्तर 'मत ताजं असावं लागतं' एवढंच आहे, आणि ते अपुरं आहे. त्याचा उपचार मात्र मोलाचा: शोकाकुल माणसाच्या पहिल्या निर्णयाशी वाद घालू नका, दुसरा काढा, म्हणजे 'असं खचून राहणं हेच माझं कर्तव्य' ही समजूत. 'इतक्यात हसायला लागली, लोक काय म्हणतील' हे ज्याने ऐकलंय त्याला ही समजूत काय असते ते कळेल. सूज ताजी असताना औषध लावू नये, असंही तो बजावतो. लेक तुल्लिया गेल्यावर सिसेरोने हा नियम मोडून स्वतःवर औषधोपचार केला, आणि त्याचा निष्कर्ष प्रामाणिक आहे: ख्रिसिपसची रीत सत्याच्या दृष्टीने सर्वांत भक्कम, पण दुःखाच्या वेळी वापरायला कठीण.

मध्ययुगाकडे जाणारा पूल म्हणजे एक जहाज. रोमन लेखक औलस गेलियस सांगतो, ग्रीसकडच्या कासिओपाहून इटलीतल्या ब्रुन्दिसियमला जाताना वादळ झालं आणि जहाजावरचा नामांकित स्टोइक इतरांसारखाच पांढराफटक पडला. नंतर विचारल्यावर त्याने पिशवीतून एपिक्टेटस या स्टोइक गुरूचं पुस्तक काढून दाखवलं: अचानक गडगडाटाने ज्ञानीही क्षणभर हलतो, पण रुकार देत नाही. ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनने हीच गोष्ट पुन्हा सांगून निष्कर्ष काढला की स्टोइक आणि इतर यांच्यातला वाद नुसत्या शब्दांचा आहे. तत्त्वज्ञानाचे आधुनिक इतिहासकार रिचर्ड सोराबजींनी (नाशिकला जन्मलेल्या वकील कॉर्नेलिया सोराबजींचे हे पुतणे) दाखवून दिलं की लॅटिन शब्दांच्या संदिग्धपणामुळे 'पांढरं पडणं' आणि 'भिणं' यांतली रेघ इथे पुसट झाली. पहिला हेलकावाच भय ठरला, तर स्टोइक हरणारच.

त्याच हेलकाव्याचं इजिप्तच्या वाळवंटात आणखी एक रूपांतर झालं. चौथ्या शतकातल्या एव्हाग्रियस या ख्रिस्ती संन्याशाने आठ 'दुर्विचार' मोजले. ते येणं आपल्या हाती नाही, रेंगाळू देणं आहे. षड्रिपूंशी जोड्या लावायची घाई नको, कारण त्याच्या यादीत खिन्नता आहे आणि 'अकेदिया'ही आहे: दिवसाच्या चौथ्या तासापासून आठव्यापर्यंत, म्हणजे साधारण दहा ते दोन, संन्याशाला घेरणारा कंटाळा, ज्यात सूर्य हलत नाही आणि दिवस पन्नास तासांचा वाटतो. सात महापापांची यादी पुढे याच आठांतून, पोप ग्रेगरीच्या फेरमांडणीतून आली.

अ‍ॅक्वायनसने तेराव्या शतकात आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या पहिल्या विभागात भावनांवर सलग सत्तावीस 'प्रश्न' (म्हणजे प्रकरणं) लिहिले, 22 ते 48. भावना अकरा. सहा साध्या: प्रेम, द्वेष, इच्छा, तिटकारा, आनंद, दुःख. पाच अशा, जिथे मिळवणं किंवा टाळणं अवघड असतं: आशा, निराशा, भय, धाडस, राग. अकरा हा विषम आकडा रागामुळे, कारण त्याला जोडीच नाही. राग अंगावर आलेल्या वाईटाशी झुंजतो. उलट बाजूला हाती आलेलं चांगलं ठेवलं तर त्यात अवघड काही उरत नाही. बुद्धी हातापायांवर मालकासारखी हुकमत चालवते, पण भावनांवर तिचं राज्य स्वतंत्र नागरिकांवर चालतं तसं, असं अ‍ॅरिस्टॉटलचा आधार घेऊन तो म्हणतो. नागरिक ऐकतात, पण अडूनही बसू शकतात.

माझं मत विचाराल तर रागासाठी सेनेका आणि शोकासाठी अ‍ॅक्वायनस. राग खरोखरच बऱ्याचदा एका रुकारावर उभा असतो, आणि तो काढून घेता येतो. शोक तसा नसतो, तो अंगात असतो. अ‍ॅक्वायनसचा अडतिसावा प्रश्न दुःखाच्या उपायांवर आहे. तिथे रडणं, मित्रांची सहानुभूती आणि सत्याचं चिंतन यांच्या रांगेत तो झोप आणि अंघोळही मांडतो, आणि कारण देतो: दुःख शरीराच्या जीवनगतीच्या विरुद्ध जातं, तेव्हा जे शरीराला पूर्वपदावर आणतं ते दुःखालाही उतार देतं. तुमच्या टिपणात प्लेटोच्या पानापासून या पानापर्यंत समासात एकच खूण करत या: रुकार कुठे आहे, आणि शरीर कुठे आहे.