वाचक विचारतात : एक जादा पान

मागच्या अंकातल्या नौदलाच्या टेहळणीवरच्या लेखानंतर बरीच पत्रं आली. नोकरीतली बरीच वर्षं माझ्याकडे दोन कामं होती, गोपनीय पुस्तकांचं कपाट सांभाळायचं आणि आलेल्या खबरांची टिपणं करायची. म्हणून संपादकांनी पत्रांचा गठ्ठा माझ्याकडे ढकलला. इथे जे लिहितोय ते केव्हाच उघड झालेलं आहे. त्यापलीकडचं विचारलंत तर मला ऐकू कमी येतं.

नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात जायचं म्हणजे हेरगिरी करायची का? घरचे घाबरतात. (बारावीची विद्यार्थिनी)

घरच्यांना सांग, या विभागातली बहुतेक माणसं खुर्चीत बसून वाचत असतात. पकडलेले रेडिओ संदेश, विमानातून काढलेले फोटो, पाण्याखाली टिपलेले आवाज, बंदरात कोण आलं नि कोण गेलं याच्या नोंदी आणि चक्क वर्तमानपत्रं. यातून कप्तानाच्या एका प्रश्नाचं उत्तर शोधायचं असतं : समोरचा कुठे आहे, त्याच्याजवळ काय आहे आणि तो आता काय करेल? आधी प्रश्न, मग माहिती. उलट क्रमानं गेलं की नुसती रद्दी साठते.

आलेल्या प्रत्येक खबरीला आम्ही दोन खुणा देतो. सांगणाऱ्याची पत ए ते एफ या अक्षरांत आणि सांगितलेल्या गोष्टीचा खरेपणा १ ते ६ या आकड्यांत. समज, मासेमारी नौकेवरच्या कुणी पाणबुडीचा पेरिस्कोप पाहिल्याचं कळवलं. त्या माणसाची आपल्याला काहीच माहिती नाही, म्हणून एफ. पण त्याच सुमाराला तिथल्याच एका जहाजाच्या रडारवर एक टिंब येऊन गेलेलं आहे, म्हणजे बातमी अशक्य नाही, म्हणून ३. टिपणावर पडतं एफ३. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या, कारण अगदी भरवशाचा माणूसही कधी चुकीचं सांगतो आणि थापाड्याच्या तोंडून कधी खरं निघतं.

माझ्या पहिल्या टिपणात मी झोकात लिहिलं होतं, ‘त्यांचा इरादा आक्रमक दिसतो.’ वरिष्ठांनी तांबड्या पेन्सिलीनं ‘इरादा’भोवती गोल काढला आणि समासात लिहिलं, ‘कुठून दिसला?’ मला दिसली होती तीन जहाजं आणि त्यांची दिशा. बाकी सगळं माझ्या मनातलं. पाहिलेलं, ऐकलेलं आणि वाटलेलं वेगवेगळ्या वाक्यांत लिहायला मला त्यानंतर वर्ष लागलं.

माझ्याकडे ‘सीक्रेट’ दर्जाचा परवाना होता, तरी काही फायली दाखवायला नकार मिळाला. हा अपमान नाही का? (निवृत्त कर्मचारी)

नाही. परवाना म्हणजे तुमच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही, एवढंच. कागद समोर यायला आणखी एक गोष्ट लागते : तुमच्या आजच्या कामाला तो कागद हवा आहे का? नसेल, तर ॲडमिरललाही नको. कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट, टॉप सीक्रेट या पायऱ्या कागद फुटला तर किती नुकसान होईल यावरून ठरतात, माणसाच्या हुद्द्यावरून नव्हे.

आणि नुसत्या परवान्यावर विसंबलं की काय होतं, ते जॉन वॉकरनं दाखवलं. अमेरिकी नौदलातला हा वॉरंट ऑफिसर १९६७ च्या अखेरीस वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत वकिलातीत आपल्या पायांनी चालत गेला आणि सायफर यंत्रांच्या, म्हणजे संदेश सांकेतिक करणाऱ्या यंत्रांच्या, किल्ल्यांच्या याद्या विकू लागला. किल्ली म्हणजे यंत्र त्या दिवशी कसं जुळवायचं याचा तक्ता. तो पकडला गेला १९८५ च्या मे महिन्यात. परवाना त्याच्याकडे होताच. म्हणून किल्ल्यांच्या कपाटाला दोन कुलपं असतात आणि ती दोघांनी मिळून उघडायची असतात.

गोपनीय कागद सांभाळणं म्हणजे नेमकं काय? कुलूप लावलं की झालं ना? (एक वाचक)

कुलूप हा सगळ्यात सोपा भाग. खरं काम मोजणीचं. प्रत्येक प्रतीला क्रमांक, प्रत्येक पानाला क्रमांक, कुणाला दिली त्याची सही, परत आली त्याची सही. ठरलेल्या दिवशी पुस्तक उघडून एकेक पान मोजायचं. सुधारणा आली की जुनं पान काढायचं, नवं घालायचं, जुनं दोघांसमोर जाळायचं, राख कुस्करायची आणि दोघांनी दाखल्यावर सही करायची.

एकदा अशी मोजणी करताना एक पान जास्त भरलं. कमी नाही, जास्त! पहिल्यांदा मला हसू आलं. पुन्हा मोजलं, तरी तेच. मग नखानं एकेक पान सुटं केलं, तर खाऱ्या दमट हवेनं दोन पानं एकमेकांना अर्धवट चिकटलेली सापडली. खालचं नवं, वरचं जुनं. आणि ते जुनं पान चार महिन्यांपूर्वी जाळल्याचा दाखला फायलीत होता. त्यावर दुसरी सही माझी होती.

झालं होतं असं, की त्या दिवशी पानांचा गठ्ठा जळत असताना मी दारात उभा होतो, निघायची घाई होती. सहकाऱ्यानं ‘झालं’ म्हटलं, मी सही ठोकली. पान कपाटाबाहेर गेलं नव्हतं, नुकसान काही झालं नाही. पण तो दाखला खोटा होता. मी स्वतःच जाऊन वर सांगितलं. शिक्षा झाली ती झाली, मला जास्त झोंबलं ते दुसरंच : त्यानंतर महिनाभर माझ्या सहीच्या सगळ्या जुन्या दाखल्यांची फेरतपासणी झाली आणि ती करणाऱ्या बिचाऱ्या पोरांना रजा मिळाली नाही.

जहाजावरची सांकेतिक पुस्तकं शिशाच्या बांधणीची असायची, हे खरं का? (शाळेतला मुलगा)

खरं आहे. पाण्यात टाकली की बुडावीत, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून. पण टाकायला वेळ तर मिळायला हवा! पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला, २६ ऑगस्ट १९१४ ला, ‘मॅग्डेबर्ग’ ही जर्मन क्रूझर फिनलंडच्या आखाताच्या तोंडाशी धुक्यात बेटाला लागून रुतली. धावपळीत सगळी पुस्तकं नष्ट झाली नाहीत आणि काही रशियनांच्या हाती लागली. त्यांतली एक प्रत त्यांनी ब्रिटिशांना दिली. तिचा प्रत क्रमांक १५१. मला तो आकडा विसरता येत नाही, कारण कुठल्या तरी जर्मन नोंदवहीत १५१ समोर कुणाची तरी सही असणार.

सगळंच गुप्त ठेवलं तर जास्त सुरक्षित नाही का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी)

हा प्रश्न मला फार आवडला, कारण सेवेत असताना आमच्यातले निम्मे लोक हेच मानायचे.

३१ मे १९१६ ची दुपार. लंडनमध्ये ब्रिटिश नौदलाच्या मुख्यालयात ‘रूम ४०’ नावाची तुकडी जर्मन संदेश उकलत बसायची. जर्मन आरमार हालचाल करणार, हे या मंडळींनी आधीच ओळखलं होतं आणि त्यावरून ब्रिटिश आरमार आदल्या रात्रीच निघालंही होतं. पण खोली इतकी गुप्त, की संदेश उकलणाऱ्यांनी मत द्यायचं नाही, विचारलं तेवढंच सांगायचं. दुपारी ऑपरेशन्सचे प्रमुख कॅप्टन थॉमस जॅक्सन आले आणि विचारलं, ‘डीके हा संकेत कुठून येतोय?’ उत्तर मिळालं, ‘याडेमधून’, म्हणजे जर्मन तळावरून. ते ऐकून साहेब गेले.

डीके हा जर्मन सेनापती शेअर यांचा बंदरातला संकेत, म्हणजे रेडिओवर ओळख सांगणारी अक्षरं. समुद्रावर निघताना ते तो किनाऱ्यावरच्या केंद्राला देऊन स्वतः दुसरा घेत. हे खोलीतल्यांना ठाऊक होतं, साहेबांनी विचारलं नाही. ‘शेअर कुठे आहेत?’ असा प्रश्न असता, तर उत्तर वेगळं आलं असतं. ब्रिटिश आरमाराचे प्रमुख ॲडमिरल जेलिको यांना संदेश गेला, की जर्मन प्रमुख जहाज अजून तळावरच आहे. त्यामुळे ते घाई न करता निघाले. काही तासांनी तेच सगळं जर्मन आरमार त्यांच्यासमोर उभं! जटलंडची लढाई ती हीच.

याहून वाईट रात्री घडलं. शेअर कुठल्या वाटेनं परतताहेत, ते मुख्यालयानं या वेळी बरोबर कळवलं. पण दुपारच्या अनुभवानंतर जेलिकोंचा त्या माहितीवरचा विश्वास उडाला होता. शिवाय त्याला दुजोरा देणारा आणखी एक संदेश त्यांच्यापर्यंत पोचवलाच गेला नाही. शेअर निसटले. आता सांगा, रूम ४० चं गुपित फुटलं का? अजिबात नाही. ते अगदी नीट राखलं गेलं.

गुपित वर्तमानपत्रात छापून आलं तर सरकार लगेच खटला का भरत नाही? (पत्रकारितेची विद्यार्थिनी)

कारण कोर्टात आधी सिद्ध करावं लागतं, की छापलेलं खरं होतं. ७ जून १९४२ ला शिकागो ट्रिब्यूननं बातमी दिली, की पॅसिफिकमधल्या मिडवे बेटांवरच्या जपानी हल्ल्याची अमेरिकी नौदलाला आधीच कल्पना होती. यावरून कुणीही ताडलं असतं, की जपानी संकेत फुटले आहेत. प्रकरण ग्रँड ज्युरीपर्यंत, म्हणजे खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापर्यंत, गेलं, पण नौदल पुरावा द्यायला तयार होईना आणि ते तिथेच थांबलं. कधी कधी दात-ओठ खात गप्प बसणं, हीच कारवाई असते.

मुलगा नुकताच जहाजावर रुजू झालाय. कुठे आहे विचारलं की विषय बदलतो. आईलाही सांगू नये? (एक आई)

ताई, तुमच्यावर त्याचा अविश्वास नाही. तुम्ही मावशीला सांगाल, मावशी कौतुकानं ग्रुपवर टाकेल. एकेक तुकडा निरुपद्रवी, पण जोडत बसणारा कुणीतरी असतोच. २०१८ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपच्या नकाशावर दूरदूरचे लष्करी तळ उजळून दिसले होते, तेही केवळ तिथले सैनिक रोज पळायला जात म्हणून.

आणि आयांना कमी लेखायची चूक मी करणार नाही. आमच्या वेळी पत्रं नौदलाच्या टपाल कार्यालयातून एकाच शिक्क्यानं यायची, म्हणजे पाकिटावरून बंदर कळायची सोय नाही. माझी आई आतली माझी तारीख आणि बाहेरच्या शिक्क्याची तारीख यांतले दिवस मोजायची. दोन दिवस म्हणजे जवळ, अकरा दिवस म्हणजे लांब. हे कळल्यावर मी पत्रावर तारीख घालणंच सोडलं. तिचं उत्तर आलं : ‘या वेळी तारीख नाही. म्हणजे फारच लांब दिसतोस.’